जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीची राखण

बालाघाट जिल्ह्यात वारासिवनीजवळ, वैनगंगेला मिळणाऱ्या चंदन नदीच्या काठी रामपायली नावाचे गाव वसलेले आहे. नदीकाठचे राममंदिर ही त्याची मोठी खूण. १९५६ साली प्रांतांची नवी रचना झाली तेव्हा शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. तरी या भागातील कितीतरी घरांत मराठी बोलली जाते, आणि सोयरिकी, बाजारहाट व दवाखाना यांसाठी माणसे आजही गोंदियाची वाट धरतात. भोवताली भाताची बांधी, त्यापलीकडे सागवानाचे जंगल, आणि जरा दूर भरवेली व तिरोडी येथील मँगनीजच्या खाणी. अशा मुलखात बसून मी आज स्पोर्ट्‌स मोटारीविषयी बोलणार आहे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु जुनी यंत्रे शहरांपेक्षा अशा आडबाजूच्या गावांतच अधिक काळ टिकून राहतात. शहरात जागेची टंचाई असते, म्हणून जुनी वस्तू भंगारात जाते. गावात कोठा मोकळा असतो, म्हणून ती कोपऱ्यात पडून राहते.

असे समजा, की रामपायलीच्या एखाद्या वाड्यात, गोठ्यालगतच्या पडवीत, धान्याच्या पोत्यांमागे एक दुचाकी नव्हे, बैलगाडीही नव्हे, तर एक ठेंगणी, लांब नाकाची, तारांच्या आऱ्यांची मोटार उभी आहे. आजोबांनी ती कधीकाळी कोणा खाणीच्या साहेबाकडून घेतली. वडिलांनी काही वर्षे चालविली. पुढे सुटे भाग मिळेनासे झाले, आणि गाडी जी उभी राहिली ती उभीच. आता नातवाच्या मनात आले आहे, की ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणावी. त्याने प्रथम काय करावे, मग काय करावे, आणि काय मुळीच करू नये, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

उदाहरणासाठी मी एम. जी. कंपनीची टी. सी. ही मोटार घेतो. ऑक्सफर्ड येथील मॉरिस गॅरेजेस या नावाची आद्याक्षरे म्हणजे एम. जी. या गाड्या ॲबिंग्डन येथील कारखान्यात तयार होत. दुसरे महायुद्ध संपताच, १९४५ मध्ये टी. सी. निघाली आणि १९४९ पर्यंत सुमारे दहा हजार गाड्या बाहेर पडल्या. त्यानंतर टी. डी. आणि १९५३ ते १९५५ या काळात टी. एफ. आली. टी. सी.चे एंजिन साडेबाराशे घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, सुमारे ५४ अश्वशक्तीचे. आजच्या साध्या घरगुती मोटारीतही याहून अधिक शक्ती असते. परंतु अंगाने हलकी, बसण्याची जागा जमिनीलगत, वर उघडे आकाश, आणि प्रत्येक खड्ड्याची वार्ता थेट चालकाच्या मनगटापर्यंत, यामुळे ताशी साठ किलोमीटरचा वेगही तीत शंभरासारखा भासतो. वेगाच्या आकड्यापेक्षा वेगाची ही जाणीवच स्पोर्ट्‌स मोटारीला वेगळी करते.

अशा गाड्या आपल्याकडे थोड्या का, याचेही कारण आहे. मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सने १९२८ साली गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि तिचा कुर्ल्याचा कारखाना पुढे फियाटसाठी प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. १९५३ साली जकात आयोगाच्या शिफारशीनुसार असे धोरण ठरले, की ज्यांना मोटारीचे भाग टप्प्याटप्प्याने याच देशात बनवावयाचे असतील त्यांनीच येथे राहावे. नुसते जुळणीचे काम करणाऱ्या परदेशी कंपन्या निघून गेल्या. घरच्या उद्योगाला त्यामुळे आधार मिळाला, हे खरेच. परंतु ज्यांच्या घरी आधीच एखादी परदेशी गाडी होती त्यांना सुटा भाग मिळणे दुरापास्त झाले. आपल्याकडील मिस्त्री लोकांची प्रसिद्ध कल्पकता बरीचशी या टंचाईच्या शाळेत शिकलेली आहे. फियाटची खिट्टी एम. जी.ला, ट्रकची नळी मोटारीला, असे संसार त्या काळी चालले. म्हणून आज एखादी जुनी गाडी उघडली, की तिच्या पोटात चार निरनिराळ्या गाड्यांचे अवयव सापडतात. त्यांना हसू नये. गाडी जिवंत राहिली ती त्यांच्यामुळेच.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिला नियम असा, की बरीच वर्षे उभी असलेली गाडी घाईने सुरू करू नये. उत्साहाच्या भरात नवी बॅटरी आणून किल्ली फिरविण्याचा मोह होतो, आणि तेथेच घात होतो. सिलिंडरच्या भिंतींवर गंज चढलेला असतो, दट्ट्याची कडी चिकटलेली असतात, तेलाच्या वाटा गाळाने बुजलेल्या असतात. कोरडे एंजिन पहिल्या मिनिटातच स्वतःला ओरबाडून घेते. म्हणून आधी चारही स्पार्क प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ तेल सोडावे आणि दोनतीन दिवस स्वस्थ बसावे. मग हँडल लावून एंजिन हाताने, अगदी हळू फिरवून पाहावे. फिरले तर उत्तम. न फिरले तर जोर लावू नये. पुन्हा तेल सोडून वाट पाहावी. त्यानंतर जुने तेल, जुने पाणी आणि टाकीतील जुने पेट्रोल काढून टाकावे. इतकी वर्षे पडलेल्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा लगदा झालेला असतो आणि त्याला वार्निशासारखा वास येतो.

दुसरा नियम वहीचा. एक जाड वही करावी आणि कोणताही भाग सोडविण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, कोणता बोल्ट कोठून निघाला ते लिहावे, आणि प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या डबीत ठेवावेत. टी. सी.च्या बाबतीत याला विशेष कारण आहे. हिच्या एंजिनातील बोल्टांचे आटे मेट्रिक मापाचे आहेत, परंतु त्यांची डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची आहेत. मॉरिसने जो एंजिनांचा कारखाना घेतला तो मूळचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता. तेथील यंत्रे मेट्रिक आटे पाडीत, आणि इंग्लंडमधील कारागिरांच्या हाती पाने व्हिटवर्थचे. म्हणून ही तडजोड झाली. मौज एवढ्यावर संपत नाही. आठ मिलिमीटरच्या बोल्टाला आज बाजारात सव्वा मिलिमीटर अंतराचा आटा मिळतो, आणि या एंजिनात एक मिलिमीटर अंतराचा आटा आहे. दुकानातला नवा बोल्ट पहिले दोन वेढे सहज घेतो, पुढे अडतो. आणि मिस्त्रीने जोर लावला, की भोकातील आटे कायमचे नष्ट होतात. ऐंशी वर्षे टिकलेला लोखंडी ठोकळा अशा रीतीने दोन मिनिटांत बिघडतो. मापाचा बोल्ट मिळाला नाही, तर तो गोंदियाच्या किंवा नागपूरच्या लेथवर करवून घ्यावा. थोडा खर्च होईल, परंतु ठोकळा वाचेल.

तिसरी गोष्ट लाकडाची. ही मोटार लोखंडी असली तरी तिच्या अंगाचा सांगाडा लाकडी आहे. पोलादी चॅसीवर ॲश या विलायती झाडाच्या लाकडाची चौकट, आणि तिच्यावर पत्रा, अशी तिची घडण आहे. चॅसीवर चाके, पाटे व एंजिन यांचा भार असतो. दरवाजे आणि पत्रा मात्र लाकडाच्या आधाराने उभे राहतात. आता आपल्या मुलखाचा विचार करा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास, पावसाळ्यात चार महिने हवा ओली, आणि जमिनीतून वाळवी. दरवाजा बंद करताना वर उचलावा लागत असेल, तर बिजागरी ढिली आहे असे समजून ती आवळू नये. बहुधा आतला खांब कुजलेला असतो. टोच्या घेऊन लाकडाला ठिकठिकाणी टोचून पाहावे. निरोगी लाकूड टोच्याला अडवते. कुजलेल्या लाकडात तो लोण्यात शिरावा तसा शिरतो. येथे मात्र रामपायलीचे भाग्य मुंबईपेक्षा थोर आहे. चांगले मुरलेले सागवान येथे मिळते, आणि ते कसे कापावे हे जाणणारे सुतारही मिळतात. जुना कुजलेला तुकडा कितीही भुगा झालेला असो, तो फेकू नये. त्याच्यावरूनच नव्याचा नमुना काढावयाचा असतो. आणि एका वेळी एकच तुकडा बदलावा. सगळा सांगाडा एकदम मोकळा केला, तर पत्रा पुन्हा कोणत्या आकारात बसवावयाचा याची साक्ष द्यायला काहीच उरत नाही.

आता मी सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. पुष्कळ लोक प्रथम एंजिन सुरू करतात, मग रंग देतात, मग गाद्या शिवून घेतात, आणि सर्वांत शेवटी ब्रेककडे पाहतात. हा क्रम नेमका उलटा पाहिजे. न चालणारी गाडी कोणाला इजा करीत नाही. न थांबणारी गाडी जीव घेते.

टी. सी.चे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. पायाखालची पट्टी दाबली, की पाटाखाली बसविलेल्या मुख्य सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो, नळ्यांतील तेलावर दाब पडतो, आणि प्रत्येक चाकाजवळच्या लहान सिलिंडरमधील दट्टे ब्रेकच्या पट्ट्या ड्रमवर दाबतात. युक्ती सुंदर आहे. परंतु त्या काळच्या गाड्यांत या तेलाची वाट एकच असे. आजच्या मोटारीत दोन स्वतंत्र वाटा असतात. एक फुटली तरी दुसरी निम्मा ब्रेक शाबूत ठेवते. जुन्या गाडीत चारांपैकी एका चाकाची रबरी नळी फुटली, तर चारही चाकांचा ब्रेक त्याच क्षणी जातो. पाय थेट पाटापर्यंत जातो आणि गाडी मात्र पुढेच धावते. मग उरतो तो मागच्या दोन चाकांवर तारेने चालणारा हातब्रेक. म्हणून या गाडीतील रबराचा प्रत्येक भाग, म्हणजे सिलिंडरमधील वाट्या आणि चाकांकडे जाणाऱ्या लवचिक नळ्या, कितीही चांगला दिसत असला तरी नवा घालावा. रबर वरून शाबूत दिसते आणि आतून फुगून वाट बुजवते. पोलादी नळ्यांवर गंजाचे खड्डे असतील तर त्याही बदलाव्यात. आणि हातब्रेक हा केवळ गाडी उभी करण्याचा दांडा आहे असे न समजता तोही तितक्याच दक्षतेने जुळवावा; कारण प्रसंगी तोच शेवटचा आधार असतो.

ब्रेकच्या तेलाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. चंदनकाठच्या चार महिन्यांच्या पावसात तर विशेषच. ओलावा मुरला, की सिलिंडर आतून गंजतात, आणि उतारावर ब्रेक तापले म्हणजे त्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही; म्हणून पट्टी नरम पडते आणि ब्रेक लागत नाही. यासाठी गाडी चालो वा न चालो, दर दोन वर्षांनी ब्रेकचे तेल बदलावे. दुसरी सूचना प्रकृतीविषयी आहे. जुन्या ब्रेकपट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकरीने किंवा हवेच्या नळीने उडविण्याची आपल्या गॅरेजांत फार जुनी सवय आहे. ही धूळ फुप्फुसात बसते आणि कित्येक वर्षांनी प्राणघातक रोग होतो. ती ओल्या फडक्याने टिपावी, फडके पिशवीत बंद करून टाकावे, आणि नव्या पट्ट्या ॲस्बेस्टॉसरहित घ्याव्यात.

ब्रेकनंतर चाके आणि स्टिअरिंग. तारांच्या आऱ्यांपैकी एखादा सैल असेल, तर पेन्सिलीने हलकेच वाजवून पाहावे. घट्ट आरा खणखणतो, सैल आरा बद्द बोलतो. चाक ज्या दातेरी तुंब्यावर बसते त्याचे दाते झिजून टोकदार झाले असतील, तर ते चाक वापरू नये. मधल्या मोठ्या नटाचे आटे डाव्या व उजव्या बाजूंना परस्परविरुद्ध असतात; त्यांची अदलाबदल झाली, तर चालता चालता नट सैल होतो. टायरवर आठवडा व वर्ष सांगणारे चार आकडे छापलेले असतात. नक्षी कितीही शाबूत असली तरी फार जुने टायर भरवशाचे नसते. कडेला तडे दिसले तर त्याचा विचारच सोडून द्यावा. स्टिअरिंगमध्ये थोडा ढिलेपणा या गाडीत जन्मतःच आहे. परंतु थोडा आणि पुष्कळ यांतील फरक अनुभवी मिस्त्रीला विचारून घ्यावा.

आता पेट्रोलकडे येऊ. ही गाडी तयार झाली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसे घालीत. आपल्या देशात २००० सालापासून शिसेरहित पेट्रोल सर्वत्र आले, आणि मुलांच्या मेंदूच्या दृष्टीने ते फार चांगले झाले. शिशामुळे झडपांच्या बैठकीला मिळणारे संरक्षण मात्र गेले. जुन्या एंजिनाचे डोके जेव्हा कधी काही कारणाने उघडले जाईल, तेव्हा झडपांखाली कठीण पोलादाच्या कड्या बसवून घ्याव्यात. केवळ एवढ्यासाठी चालते एंजिन उघडण्याची घाई नको.

इथेनॉलचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले, आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. उसापासून, मक्यापासून, भातापासूनही इथेनॉल होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याला महत्त्व आहे. जुन्या गाडीला मात्र त्याचा त्रास तीन प्रकारे होतो. एक, ते जुन्या रबराला फुगविते आणि जुनी चिकटद्रव्ये विरघळविते. दोन, ते पाणी ओढून घेते. पाणी फार झाले, की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळे बसतात आणि पत्रा गंजतो. तीन, त्याला जळण्यासाठी हवा कमी लागते. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते, तर एक भाग इथेनॉलला सुमारे नऊच भाग पुरते. म्हणजे जुन्या मापाने बसविलेल्या कार्ब्युरेटरमधून हवा आवश्यकतेपेक्षा अधिक आणि इंधन कमी, असे मिश्रण तयार होते. एंजिन अधिक तापते, अडखळते, आणि उन्हाळ्यात तर त्याचे हाल होतात. उपाय अवघड नाही. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि बुचाच्या गाळण्या इथेनॉल सोसणाऱ्या द्रव्याच्या घालाव्यात. गाडी दोन महिन्यांहून अधिक काळ उभी राहणार असेल, तर टाकी रिकामी करावी. आणि कार्ब्युरेटर पुन्हा जुळवावा.

या गाडीला एस. यू. बनावटीचे दोन कार्ब्युरेटर असतात. त्यांची रचना समजून घेण्याजोगी आहे. एंजिन जितकी हवा ओढील तितका एक दट्ट्या वर उचलला जातो. त्याला खाली निमुळती सुई जोडलेली असते, आणि ती पेट्रोलच्या भोकात बसते. दट्ट्या वर गेला, की सुईही वर जाते, भोक मोकळे होते आणि पेट्रोल अधिक येते. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण असे आपोआप राहते. जुळवणी तपासण्यासाठी, एंजिन गरम असताना, हा दट्ट्या बोटाच्या नखाएवढा, म्हणजे मिलिमीटरभरच, उचलून पाहावा. एंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला, तर पेट्रोल फार जाते आहे. एंजिन लगेच मरगळले, तर पेट्रोल कमी पडते आहे. क्षणभर वेग वाढून पूर्ववत झाला, तर मिश्रण बरोबर आहे. खालचा नट फिरवून भोक खाली नेले, की पेट्रोल वाढते. दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात की नाही, हे कळण्यासाठी रबरी नळीचे एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे एकेका तोंडाशी न्यावे. दोन्हीकडचा फूत्कार सारखा ऐकू आला पाहिजे. याला कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. लागतो तो कान आणि धीर.

विजेच्या बाबतीत एकच धोक्याची सूचना देतो. या गाडीत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. आजच्या गाड्यांत ऋण टोक जोडतात. मोबाइल भारित करण्याचे साधन किंवा नवा रेडिओ सवयीप्रमाणे जोडला, तर तो तत्काळ जळतो, आणि प्रसंगी तारांनाही आग लागते. कापडी वेष्टणाच्या जुन्या तारा उंदरांनी कुरतडलेल्या असतात. त्यांना जागोजागी चिकटपट्टी लावण्यापेक्षा पूर्ण नवा संच घालणे स्वस्त पडते. मूळ गाडीत फ्यूज अगदी थोडे आहेत. दोनचार अधिक घातले, तर ते शहाणपणाचे ठरेल.

येथून सुधारणेचा प्रश्न सुरू होतो. जुनी गाडी किती सुधारावी? एका पंथाचे लोक म्हणतात, की खिळाही बदलता कामा नये. दुसरे म्हणतात, की आत नवे जपानी एंजिन बसवा, पुढे डिस्क ब्रेक लावा आणि मजेत फिरा. मला वाटते, की या वादात एक कसोटी उपयोगी पडेल. आपण केलेला बदल उद्याच्या माणसाला एका दिवसात, कापाकापी न करता, पूर्ववत करता येईल काय? येत असेल, तर तो खुशाल करावा. मागचे दिवे अधिक प्रखर करणे, वळण्याची सूचना देणारे दिवे बसविणे, पाण्याच्या जाळीपुढे विजेचा पंखा लावणे, आसनांना पट्टे बांधणे, हे सर्व या कसोटीस उतरते. या गाडीच्या पाण्याच्या जाळीला दाबाची टोपी नाही, म्हणून पाणी लवकर उकळते. बालाघाटच्या मे महिन्यात पंखा ही चैन नसून गरज आहे. याउलट, चॅसी कापणे, एंजिनाच्या बैठकी तोडणे किंवा पत्र्याला नवी भोके पाडणे म्हणजे पुढील पिढीचा हक्क आपण खर्च करून टाकणे होय.

कायद्याचाही कल आता याच बाजूस आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, खासगी वापराची दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत येतात. चॅसी, अंग किंवा एंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसला पाहिजे, ही त्यांतील महत्त्वाची अट आहे. नवी नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि तिला वीस हजार रुपये शुल्क ठरविलेले आहे. पुढे नूतनीकरण पाच वर्षांचे, पाच हजार रुपयांत होते. अशा गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर व्ही. ए. ही अक्षरे येतात. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कामांसाठी ती रस्त्यावर आणता येते. रोजच्या ये-जा करण्यासाठी किंवा भाड्याने चालविण्यासाठी नाही. तेव्हा हातोडी उचलण्यापूर्वी जुने नोंदणीपुस्तक शोधावे, चॅसीवरचा व एंजिनावरचा क्रमांक त्याच्याशी ताडून पाहावा, आणि बालाघाटच्या परिवहन कार्यालयात चौकशी करावी. जिचे एंजिन बदलले ती गाडी कितीही छान धावो, ती या नियमांचा आश्रय गमावून बसण्याचा संभव असतो.

एकदा गाडी सुरू झाली, की तिची निगा अवघड नाही. आठवड्याला पाच मिनिटे एंजिन सुरू करून बंद करण्याची रीत आपल्याकडे आहे. ती हितापेक्षा अहितच अधिक करते. थंड एंजिनात जळणातून निघालेले पाणी तेलात उतरते आणि तेथेच राहते. त्यापेक्षा महिन्यातून एकदा गाडी बाहेर काढावी, वारासिवनीच्या रस्त्याने अर्धा तास चालवावी, आणि एंजिन पुरते तापू द्यावे. वंगणाच्या सगळ्या बोंडांत नियमाने ग्रीस भरावे. गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा तेल बदलावे. पावसाळ्यात चाकांखाली फळ्या घालाव्यात, वर प्लॅस्टिकऐवजी सुती कापड पसरावे. प्लॅस्टिकखाली दमट हवा कोंडते. या एंजिनाखाली तेलाचे चारदोन थेंब नेहमी दिसतील. त्यांनी घाबरून जाऊ नये. मागच्या बाजूला तेल अडविण्याची त्याची जुनी रचनाच तशी आहे. थेंब पडेनासे झाले, तर मात्र तेल संपले नाही ना, हे आधी पाहावे!

शेवटी एकच विचार आपणांपुढे ठेवतो. ३० ऑक्टोबर २०२३ नंतर मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी नाहीशा झाल्या. कुर्ल्याला जन्मलेली आणि मुंबईच्या तीन पिढ्यांनी वापरलेली ती गाडी वयोमर्यादेच्या नियमाने निवृत्त झाली, आणि पाहता पाहता दुर्मिळ होऊ लागली आहे. नियम योग्यच होता. परंतु काल जी प्रत्येक नाक्यावर उभी होती ती गाडी इतक्या लवकर दुर्मिळ होऊ शकते, हे त्यातून शिकावयाचे. आज एम. जी. हे नाव नव्या मालकांच्या हाती आहे आणि गुजरातेत हालोल येथे त्या नावाच्या नव्या मोटारी बनतात, टी. सी.चा आणि त्यांचा नावापलीकडे संबंध नाही. जुन्या गाडीचे ज्ञान कोणत्याही शोरूममध्ये मिळत नाही. ते आहे गोंदिया, नागपूर, अमरावती अशा ठिकाणच्या वयोवृद्ध मिस्त्रींच्या हातांत. आणि ते हात आता थकत चालले आहेत. सुई किती उचलावी, आरा कसा वाजवावा, कोठे जोर लावावा आणि कोठे लावू नये, हे ते सांगतील तेव्हा वहीत उतरून घ्यावे. सुटा भाग इंग्लंडहून मागविता येतो. मिस्त्री मागविता येत नाही.

तेव्हा रामपायलीच्या पडवीतील त्या गाडीवरील पोती जेव्हा बाजूला होतील, तेव्हा नातवाने स्वतःला तिचा मालक न समजता राखणदार समजावे. आजोबांनी ती त्याच्यापर्यंत पोचविली. त्याने ती पुढच्या हाती द्यावयाची आहे. चालती, थांबती आणि ओळखू येईल अशी.